आजचं चिंतन : जामीन राहणारा गुरू



रोज आपण एक श्लोक घेतो, त्यावर थोडं बोलतो आणि आपापल्या कामाला लागतो. आज जरा लांबण लागणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा. इकडे मालवणात पहाटेपासून झड लागलीय, लाईट दोनदा जाऊन आली, आणि ऑफिसची पहिली मीटिंग अकराला आहे. तोवर वेळ आपलाच.

आजचा श्लोक गीतेच्या चौथ्या अध्यायातला चौतिसावा. ज्ञान हवं असेल तर काय करावं, ते भगवंत अर्जुनाला सांगताहेत. तीन गोष्टी सांगितल्यात. प्रणिपात, म्हणजे मीपणा खाली ठेवून केलेला नमस्कार. परिप्रश्न, म्हणजे चहूबाजूंनी विचार करून विचारलेला प्रश्न. आणि तिसरी सेवा. ही तिन्ही कामं शिष्याची. गुरूच्या वाट्याला सबंध श्लोकात एकच क्रियापद येतं. ते ज्ञानी तुला उपदेश करतील, एवढंच.

मी हा श्लोक आजवर दरवेळी शिष्याच्या बाजूनं वाचला. आज पहिल्यांदा तो दुसऱ्या बाजूनं वाचला. ज्या शिष्यापाशी नमवायला डोकं सोडलं तर काहीच नाही, त्याच्यासाठी गुरूनं नेमकं काय करायचं? त्या एका क्रियापदात काय काय बसतं?

हा प्रश्न पडायला कारण आहे. गेले आठ दिवस माझ्या टेबलावर एक कागद पडून आहे. एका पतसंस्थेचा जामीनदाराचा फॉर्म. आमच्या वाडीतला एक मुलगा यंदा बारावी झाला. वडील ट्रॉलरवर खलाशी होते, दोन वर्षांपूर्वी गेले. आई मासळी विकते. पोराला कोल्हापूरला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. फीची बरीचशी सोय सवलतीत होईल, पण होस्टेल, खानावळ, लॅपटॉप यासाठी कर्ज काढावं लागणार. त्याला दोन जामीनदार हवेत, पगारदार असले तर बरं. एक मिळालाय. दुसरा मी व्हावं म्हणून शाळेतल्या आमच्या संस्कृतच्या बाईंचा फोन आला. बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गावातली कुठली पोरं हुशार आहेत याचा हिशेब त्यांच्याकडे अजून चोख असतो.

बाबांनी मात्र चक्क नाही म्हटलं. आमच्या घरात जामीन हा शब्द कुणी सहजी उच्चारत नाही. आजोबा एका स्नेह्याला जामीन राहिले होते. स्नेही बुडाला आणि आजोबांची कलमांची बाग गेली. बाबा तेव्हा शाळेत होते. आजही त्या बागेवरून रस्ता असला तरी बाबा मागल्या वाटेनं जातात.

तर असा हा कागद. सही होत नव्हती आणि फॉर्म परतही करवत नव्हता.

आज तारीख ९ ऑगस्ट. ज्यांच्या जिवावर हे रोजचं चिंतन चालतं त्या वामन शिवराम आपट्यांचा हा स्मृतिदिन. तुमच्यापैकी ज्यांनी शाळा-कॉलेजात संस्कृत घेतलं होतं त्यांना आपट्यांचा कोश माहीत असेल. मी रोज सकाळी श्लोकातला शब्द अडला की तोच उघडतो. दहावीत बाईंनी दिलेली जुनी प्रत आहे, खाकी कव्हर घातलेली, शिवण सुटलेली. ती हाताशी नसेल तर लॅपटॉपवर. पण कोशाच्या पाठीवरचं हे नाव ज्या माणसाचं, तो आपल्याच जिल्ह्यातला, हे मला फार उशिरा कळलं. आणि त्याच्या आयुष्याची सुरुवातच जामीन या शब्दानं झाली, हे तर या आठवड्यात नीट वाचायला बसलो तेव्हा उमगलं.

आपटे जन्मले १८५८ साली, बांद्याजवळच्या असोलोपाल नावाच्या गावी. मालवणहून कुडाळ, सावंतवाडी करत गोव्याच्या वाटेला लागलं की हद्दीच्या अलीकडे बांदा लागतं. तेरेखोल नदीकाठचं हे गाव संत सोहिरोबानाथांमुळे आपल्याला ठाऊक असतं. तेव्हा हा मुलूख सावंतवाडी संस्थानात होता. घर सुखवस्तू होतं, खाऊन-पिऊन सुखी असंच नव्हे, चांगलं श्रीमंत.

वडील शिवराम आपटे मित्रांना जामीन राहिले. मित्रांचं देणं अंगावर आलं आणि होतं नव्हतं ते गेलं. वडील गेले ते कफल्लक होऊनच. वामन तेव्हा आठ वर्षांचा होता.

मी इथे थांबलो. आमच्या घरातली गोष्ट शंभर-सव्वाशे वर्षं आधी, पन्नास-साठ किलोमीटरवर, अशीच घडून गेली होती. कोकणातल्या कितीतरी घरांत ती घडली असेल. शब्द देणारा भला असतो, आणि भलेपणाची किंमत बायकोपोरं मोजतात.

नवरा गेल्यावर आईनं दोन मुलांना घेऊन घाट चढला आणि कोल्हापूर गाठलं. तिथेही दैव आडवं आलं. काही काळातच आई गेली, थोरला भाऊही गेला. मागे राहिला एकटा वामन. घर नाही, जमीन नाही, मागे उभं राहील असं घरचं माणूस नाही. आजच्या पतसंस्थेच्या फॉर्मवर या मुलाला कुठलाच रकाना भरता आला नसता.

एकच गोष्ट त्याच्यापाशी होती, बुद्धी. पण बुद्धी तारण म्हणून कोण ठेवून घेतो? ती ओळखणारा भेटावा लागतो.

कोल्हापूरच्या सरकारी हायस्कुलाचे, म्हणजे राजाराम हायस्कूल म्हणून जे पुढे नावाला आलं त्याचे, हेडमास्तर होते महादेव मोरेश्वर कुंटे. जन्म १८३५ चा, साताऱ्याजवळच्या माहुलीचे. हा माणूस नुसता हजेरी घेणारा हेडमास्तर नव्हता. राजा शिवाजी नावाचं दीर्घकाव्य त्यांनी लिहिलं. पुढे षड्दर्शनचिंतनिका नावाचं मासिक काढून सहा दर्शनांचा अभ्यास वाचकांपुढे ठेवला. आर्यांच्या संस्कृतीवर त्यांनी लिहिलेल्या इंग्रजी निबंधाचं पुस्तक १८८० साली निघालं. वाचायची आणि विचार करायची प्रचंड हौस असलेला हा गृहस्थ. त्यांच्या नजरेत हा पोरका मुलगा भरला. त्याची कुशाग्र बुद्धी त्यांनी हेरली, त्याच्या शिक्षणात स्वतः लक्ष घातलं, त्याला धीर दिला आणि शिकतं ठेवलं.

चरित्रांत ही गोष्ट दोन-तीन वाक्यांतच येते. पण विचार करा, त्या दोन-तीन वाक्यांत किती दिवस बसले असतील. पोरक्या मुलाचं शिक्षण एखाद्या मोठ्या प्रसंगानं सुटत नाही. साध्या कारणांनी सुटतं. जेवायची सोय मोडली, पुस्तक नाही, पाय दुखावला म्हणून चार दिवस दांडी झाली आणि पाचव्या दिवशी विचारायला कुणी आलं नाही. अशा वेळी कुणीतरी रोज विचारणारं लागतं. कुंट्यांनी बहुधा तेच केलं, आणि हेडमास्तरानंच लक्ष घातलं की शाळेतले बाकीचेही त्या मुलाकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

वामनच्या वडिलांनी मित्रांसाठी शब्द टाकला, त्यात घर बुडालं. त्यांच्या मुलासाठी एका परक्या मास्तरानं शब्द टाकला, कुठल्याही कागदावर सही न करता. जगाला जणू सांगितलं की या मुलाच्या बुद्धीला मी जामीन. फरक एवढाच की पैशाच्या जामिनात सावकार तारीख घालून देतो. या जामिनात तारीख नसते आणि वसुली कधी होईल, कुणाला होईल, हेही ठरलेलं नसतं.

या प्रकरणात वसुली मात्र लवकर सुरू झाली.

१८७३ साली, पंधराव्या वर्षी, आपटे मॅट्रिक झाले आणि संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. ही शिष्यवृत्ती तुम्हाला ठाऊक असेलच. दहावीला संस्कृतात सगळ्यांत वर येणाऱ्यांना ती आजही मिळते. नाना शंकरशेटांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळणं हा त्या काळीही मोठा मान होता, आणि ज्या मुलाला महिन्याच्या खर्चाची भ्रांत होती त्याच्यासाठी तर मानापेक्षा जास्त काही होतं. पुढची वाट त्यानं उघडली.

ती वाट पुण्याला गेली, डेक्कन कॉलेजात. तिथे संस्कृतचे प्राध्यापक होते फ्रान्झ कीलहॉर्न. जर्मन माणूस, १८४० चा जन्म, म्हणजे आपट्यांहून अठरा वर्षांनीच मोठा. कीलहॉर्ननं इथल्या शास्त्रीमंडळींजवळ बसून पाणिनीय व्याकरण समजून घेतलं होतं, आणि पतंजलीच्या महाभाष्याची त्यानं सिद्ध केलेली आवृत्ती आजही अभ्यासक वापरतात. समुद्रापलीकडून आलेला हा गुरूच मुळात शिष्य होऊन शिकला होता. प्रणिपात आणि परिप्रश्न त्याला नवे नव्हते. त्याच्याजवळ आपटे घडले. १८७७ साली बी.ए., १८७९ साली एम.ए. संस्कृतातल्या बक्षिसांची आणि शिष्यवृत्त्यांची माळच लागली.

कुंट्यांनी मुलाला वाट दाखवली आणि कीलहॉर्ननं त्याच्या हातात शिस्त दिली. कुठला शब्द कुठे आला, कुणी वापरला, कुठल्या अर्थानं, हे पुराव्यानिशी दाखवायची ती शिस्त. पुढचा कोश तिच्याशिवाय झाला नसता.

आता बघा, एकविसाव्या वर्षी हातात एम.ए. ची पदवी. त्या काळी सबंध मुंबई इलाख्यात एम.ए. झालेली माणसं थोडी. सरकारी नोकरी हाक मारत होती. पैसा, मान आणि पेन्शनही. ज्या पोरानं दारिद्र्य इतकं जवळून पाहिलं होतं त्यानं ती धरली असती तर कुणी नावं ठेवली नसती. मला स्वतःला विचाराल तर मी धरली असती. माझ्या पहिल्या कंपनीचं ऑफर लेटर आलं तेव्हा मी दुसरा विचारही केला नव्हता.

आपट्यांनी ती वाट सोडली. विष्णुशास्त्री चिपळूणकर रत्नागिरीच्या शाळेतली सरकारी नोकरी सोडून पुण्यात आले होते. त्यांनी आणि टिळकांनी १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. आपटे त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाले, पुढे आगरकरही आले. पगार तुटपुंजा, काम डोंगराएवढं. शाळेच्या सुपरिंटेंडेंटपदाची जबाबदारी आपट्यांवर आली. सरकारनं नेमलेला हंटर आयोग १८८२ साली शिक्षणाची पाहणी करत होता, तेव्हा शाळेच्या वतीनं त्यांनी साक्ष दिली. वय चोवीस.

१८८४ च्या ऑक्टोबरात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज. कॉलेजचे पहिले प्रिन्सिपल वामन शिवराम आपटे. वय सत्तावीसच्या आतबाहेर. कोल्हापुरात ज्याला कुणी उरलं नव्हतं तो पोरगा वीस वर्षांच्या आत शेकडो मुलांचा पालक झाला होता.

सगळं गोडीगुलाबीत चाललं असं मात्र नाही. सोसायटीतली माणसं मोठी होती आणि मतं ठाम. पगार किती घ्यावा, बाहेरच्या कमाईचं काय करावं, अशा प्रश्नांवरून मतभेद विकोपाला गेले आणि १८९० साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले. चांगल्या कामातही माणसं दुखावतात, हे आपण विसरू नये. तरी कॉलेज चालू राहिलं. टिळकांच्या जागी गणित शिकवायला १८९१ साली मुरुडचे धोंडो केशव कर्वे आले. तेही आपल्या कोकणातलेच. प्रिन्सिपल आपटेच होते.

आणि हा सगळा व्याप सांभाळून ते लिहीत होते. हे मला सगळ्यांत थक्क करणारं वाटतं.

१८८१ साली, तेविसाव्या वर्षी, संस्कृतात वाक्यरचना कशी करावी हे शिकवणारं स्टुडंट्स गाईड टू संस्कृत कॉम्पोझिशन आलं. ते अजून छापलं जातं, अजून अभ्यासाला लावलं जातं. सरावाला दिलेली वाक्यं मोठमोठ्या कवींच्या ग्रंथांतून वेचलेली, म्हणजे पोरगं व्याकरण शिकता शिकता नकळत कालिदासाच्या अंगणात जाऊन पोचतं. १८८४ साली इंग्रजी-संस्कृत कोश आला. आणि १८९० साली त्यांच्या आयुष्याचं काम, प्रॅक्टिकल संस्कृत-इंग्लिश डिक्शनरी. हजारावर मोठी पानं.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मी या कोशाकडे थोडा वेगळ्या नजरेनं बघतो. आमच्याकडे एखादं काम फसतं ते बहुतेक वेळा काय करायचं नाही हे न ठरवल्यामुळे. आपट्यांनी ते आधी ठरवलं होतं. त्यांच्या वेळी मोठे कोश नव्हते असं नाही. रशियात पीटर्सबर्गला छापलेला सात खंडांचा संस्कृत-जर्मन कोश होता, इंग्रजीत मोनियर विल्यम्स यांचा होता. पण ते पंडितांसाठी, आणि गरीब विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे. आपट्यांनी डोळ्यापुढे ठेवला तो शाळा-कॉलेजातला मुलगा. तो काय वाचेल? काव्य, नाटकं, पुराणं, गीता, स्मृती, दर्शनं. मग भर त्यावर. वेदांतले फार जुने शब्द बाजूला. शब्द अक्षरक्रमानं, सापडायला सोपे. अर्थांना आकडे. आणि अर्थापुढे जागोजागी तो शब्द त्या अर्थानं कुठल्या ग्रंथात आलाय त्याचा दाखला. शेवटी परिशिष्टांत छंद, ग्रंथकारांची माहिती, प्राचीन भूगोलातली नावं, म्हणजे मुलाला दुसरं पुस्तक विकत घ्यायला नको. शिवाय त्याहून लहान असा विद्यार्थ्यांचा कोशही त्यांनी काढला.

हे सगळं कोण करतो? ज्याला पुस्तकाची किंमत ठाऊक आहे तो. ज्यानं कधीतरी, मास्तर दुसऱ्या कामात असताना, अडलेला शब्द मनात धरून वाट पाहिलीय तो. कोश म्हणजे काय, तर शिकवणारा समोर नसताना परिप्रश्नाला मिळणारं उत्तर. ज्या मुलाला विचारायला घरात कुणी नाही, त्याच्यासाठी आपट्यांनी हजार पानांचा एक मास्तर करून ठेवला. रात्री दोन वाजता उघडा, रागावत नाही. तोच शब्द दहा वेळा बघा, कंटाळत नाही.

कुंटे १८८८ साली गेले. त्यांच्या हयातीत शिष्याची पहिली पुस्तकं निघाली होती, तो प्रिन्सिपलही झाला होता. पण ज्यानं त्याचं नाव टिकलं तो मोठा कोश आला दोन वर्षांनी. सगळ्यांत मोठी वसुली झाली ती जामीन राहणाऱ्याच्या माघारी.

आणि आपटे स्वतः? ९ ऑगस्ट १८९२ ला ते गेले. वय चौतीस. कोश निघून दोनच वर्षं झाली होती. फर्ग्युसनची आजची दगडी इमारत १८९५ ची, तीही त्यांनी पाहिली नाही. त्यांच्यामागून आगरकर प्रिन्सिपल झाले आणि तेही १८९५ च्या जूनमध्ये गेले.

मीही यंदा चौतीस पूर्ण केली. हा आकडा वाचल्यावर मी बराच वेळ स्क्रीन बंद करून पडवीत बसलो. पागोळ्या गळत होत्या. माझ्या खात्यावर या वयात काय जमा आहे? गृहकर्जाचे हप्ते, एक प्रमोशन, आणि लोकांच्या फोनमध्ये दोन वर्षं टिकून नव्या व्हर्जनखाली गाडली गेलेली थोडी कोडच्या ओळींची रास. तुलना करू नये, कळतं. पण स्मृतिदिन असतात ते थोडं टोचून घ्यायलाच.

आपट्यांचा कोश मात्र गाडला गेला नाही. १९५७ ते १९५९ या काळात प. कृ. गोडे आणि चिं. ग. कर्वे यांनी तो वाढवून तीन खंडांत सिद्ध केला, पुण्याच्या प्रसाद प्रकाशनानं काढला. आणि १८९० चा मूळ कोश जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठानं संगणकावर आणलाय, कुणालाही फुकट. मी रोज लॅपटॉपवर उघडतो तो हाच. कीलहॉर्न जर्मनीहून पुण्याला आला, इथल्या एका पोरक्या मुलाला शिकवून परत गेला. आज त्या मुलाचा कोश जर्मनीतून मालवणात माझ्या टेबलावर येतो. श्लोकातलं ते गुरूचं एक क्रियापद भविष्यकाळात आहे, उपदेश करतील. इतक्या पुढच्या भविष्यकाळाची कल्पना मला नव्हती.

आता परत त्या कागदाकडे.

काल रात्री जेवणं झाल्यावर मी बाबांना आपट्यांची ही सगळी गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं कुंट्यांचं ऐकून त्यांचं मन वळेल. पण ते अडकले शिवराम आपट्यांपाशी. बघ, त्या बाईला दोन पोरं घेऊन घाट चढावा लागला, एवढंच ते पुन्हापुन्हा सांगत राहिले. आणि ते चूक नाहीत. शब्द देणाऱ्यानं घरातल्यांना विचारलेलं असावं, झेपेल तेवढाच द्यावा, हे मलाही पटतं. गीतेतलं दानही देश, काळ, पात्र बघून द्यायचं असतं. म्हणून फॉर्मवरची रक्कम मी पुन्हा वाचली. उद्या सगळं माझ्यावर आलं तर मी फेडू शकतो का? ताण पडेल, पण फेडू शकतो. बायकोला विचारलं. तिनं माझ्याआधीच हिशेब करून ठेवला होता.

मग बाबा उठले आणि कपाटातली जुनी फाईल घेऊन आले. आजोबांना आलेल्या नोटिसा मला दाखवायच्या होत्या. त्या दाखवता दाखवता खालून एक पिवळा पडलेला कागद निघाला. मी इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा बाबांनी काढलेल्या कर्जाचा. ते कर्ज मला ठाऊक होतं. त्याच्या तळाशी जामीनदारांच्या दोन सह्या होत्या. एक काकांची. दुसरी बाईंची.

मला हे कधीच कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनी तर नाहीच. सोळा वर्षं मी दर दिवाळीला त्यांना भेटतो, पाया पडतो, शंकरपाळे खाऊन येतो. कोश दिला म्हणून मनोमन आभार मानतो. आणि मला वाटायचं, माझं प्रणिपाताचं काम चोख झालं.

बाबांनी तो कागद बराच वेळ हातात धरला. काही बोलले नाहीत. फाईल बांधली आणि झोपायला गेले.

आज सकाळी हा लेख लिहायला बसलो तेव्हा टेबलावर फॉर्मशेजारी माझे दोन पासपोर्ट फोटो ठेवलेले दिसले. जामीनदाराच्या फॉर्मला फोटो लागतात. ते माझ्या ड्रॉवरमध्ये असतात आणि ड्रॉवरची दुसरी किल्ली फक्त बाबांकडे आहे.

तर मंडळी, गुरूच्या त्या एका क्रियापदात काय बसतं याचं उत्तर मला एवढंच सापडलं. उपदेश हा शब्द मोठा दिसतो, पण तो बहुतेकदा शब्दांत होत नाही. कुणीतरी आपल्यासाठी जामीन राहिलेलं असतं, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. आपण ते फेडू शकत नाही, कारण कुंट्यांसारखी माणसं वसुलीला थांबत नाहीत. फेडायचं ते पुढच्याला. श्लोकातली तिसरी गोष्ट, सेवा, ती बहुधा हीच असावी.

सोमवारी पतसंस्थेत जाऊन येतो. त्याआधी बाईंकडे. दिवाळीला अजून अवकाश आहे, पण या खेपेला थांबवत नाही.

तुमच्या आयुष्यात असं कुणी जामीन राहिलं असेल तर आज त्यांची आठवण काढा. हयात असतील तर फोन करा. उद्या पस्तिसावा श्लोक.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥